चांगुणाबाईचा धोबी

वरच्या मजल्यावरच्या पल्लवीनं ओली चादर झटकली आणि माझ्या हातातला चहा सांडला. एवढंच झालं. फट्ट असा आवाज आला, कठड्यावर चार थेंब पडले आणि मी अशी दचकले की बशी खाली, कप हातात. पल्लवी वरून वाकून म्हणाली, "अय्यो मॅडम, पाणी पडलं काय वो अंगावर?" म्हणलं, न्हाई गं बाई, झटक तू, झटक. आत येऊन साडीवरचा चहा पुसत बसले. स्वतःचाच राग यायलेला. ओल्या चादरीतून कसली आलीय धूळ? हे मला कळायला पाहिजे. गुलबर्ग्यात, म्हणजे आता म्हणायचं कलबुर्गीत, गेली कित्येक वर्षं मी लोकांना हेच सांगत फिरते, की ओलं असलं की तंतू उडत नाहीत, कोरडं झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. मेडिकल कॉलेजात माझं कामच ते. माणसाच्या अंगातला तुकडा काचेवर घ्यायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकात बघायचा आणि काय झालंय ते लिहून द्यायचं. त्यातही माझा विषय एकच, मेसोथेलिओमा. फुफ्फुसाला बाहेरून एक पातळ अस्तर असतं, त्या अस्तराचा कॅन्सर. अॅस्बेस्टॉसच्या धुळीनं होतो, आणि होतो तोही धूळ खाल्ल्यावर तीस-चाळीस वर्षांनी, माणूस ती फॅक्टरी, तो साहेब, ती धूळ सगळं विसरून गेल्यावर. एवढं सगळं डोक्यात असूनही पल्लवीच्या चादरीचा आवाज कानात शिरला तो थेट क्वार्टरच्या दारात जाऊन थांबला.

ती क्वार्टर म्हणजे पत्र्याच्या फॅक्टरीची. सिमेंटचे पन्हळी पत्रे व्हायचे तिथं, पाइप व्हायचे. आता बंद पडून जमाना झाला, त्या जागेवर लग्नाचं कार्यालय उभं राहिलंय आणि लोक तिथं जेवून फोटो काढून येतात. माझे अप्पा, पिराजी, तिथं पोती फोडायच्या खात्यात होते. पोतं फोडायचं, आतला पांढरा कापूस, कापूसच म्हणायचे ते त्याला, सिमेंटच्या हौदात ओतायचा. संध्याकाळी भोंगा झाला की आमच्या ओळीतल्या सगळ्या पोरी दारात. अप्पा यायचे ते डोक्यापासून चपलेपर्यंत पांढरे. भुवया पांढऱ्या, कानातले केस पांढरे. आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबायचे. आत यायचे नाहीत. तशी आज्ञाच होती मायची. ती आतून हात पुसत यायची, कमरेला पदर खोचायची आणि म्हणायची, "आलं माझं गिरणीवालं! किती शेर दळून आणलं वो आज?" मग खुंटीवरचं फडकं घेऊन तिची झटकणी सुरू. फट्ट पाठीवर, फट्ट खांद्यावर. अप्पा दोन्ही हात वर करून गोल फिरायचे, लहान लेकराला आंघोळ घालताना ते फिरतं तसे. शेवटी फडकं बाजूला ठेवून पदराच्या टोकानं ती त्यांच्या पापण्या पुसायची. तेवढ्यापुरती दोघंही गप्प व्हायची. समोरची चन्नव्वा रोज ओरडायची, "चांगुणाक्का, नवऱ्याची दृष्ट काढायलीस का काय गं?" माय म्हणायची, "व्हय, तुझीच लागती जास्त!" आणि सगळी ओळ हसायची. त्या उन्हात ती धूळ चमकायची. खरंच चमकायची. मी उड्या मारून ती मुठीत धरायला बघायचे, आणि अप्पा मोकळे झाले की पळत जाऊन त्यांच्या पोटाला मिठी मारायचे. माझ्या आईबापांना एकमेकांना हात लावताना मी चारचौघांत दुसरीकडं कधी बघितलं नाही. आमच्या घरातलं सगळं प्रेम रोज संध्याकाळी उंबऱ्यावर व्हायचं, आणि मला ते फार आवडायचं. आताही आवडतं, हीच तर पंचाईत आहे.

तो तंतू मी नंतर मोठ्या यंत्राखाली बघितला. केसाहून कितीतरी बारीक, सुईसारखा सरळ, मोडत नाही, कुजत नाही. तो अस्तरापर्यंत जाऊन बसला की अंगातल्या राखणदार पेशी त्याला गिळायला धावतात. पण तो लांब पडतो. कुत्र्याच्या पिलानं कडब्याचं कांड तोंडात आडवं धरावं आणि दारातून आत शिरायला बघावं, तसं त्या पेशींचं होतं. गिळताही येत नाही, सोडताही येत नाही. धडका मारत बसतात, तिथं दाह होतो, वर्षानुवर्षं होत राहतो, आणि त्या धगीत शेजारच्या पेशींचे जीन बिघडत जातात. बीएपी-वन नावाचं एक प्रथिन आहे, ते पेशीला आवरून धरतं. ते नाहीसं झालं की पेशी मोकाट सुटते. विद्यार्थ्यांना मी हे कांडाचं उदाहरण देते तेव्हा ते हसतात, आणि परीक्षेत बरोबर लिहितात. यंदा संक्रांतीनंतर एक काच माझ्या टेबलावर आली. नाव झाकलेलं असतं, नुसता आकडा. मी बघितलं, रंग चढला होता, केंद्रकांत बीएपी-वन नव्हतं. मी माझ्या सवयीनं म्हणलं, मेसोथेलिओमा, पण प्रकार त्यातल्या त्यात बरा, औषधाला दाद देणारा. सहायकानं विचारलं, "मॅडम, लिहू?" म्हणलं, लिही. मग त्याचा चेहरा बघितला आणि मला समजलं. त्याला ठाऊक होतं तो तुकडा कुणाचा ते. मीच दोन दिवस आधी मायला तुकडा काढायच्या खोलीत सोडून आले होते. मी खुर्चीतून उठले नाही, रडलेही नाही, परत डोळा लावला आणि मायच्या पेशींकडं बघत बसले. गुलाबी, निळ्या, एकमेकींना खेटून बसलेल्या. वाईट दिसत नव्हत्या हो त्या. मायच्या होत्या ना.

त्याआधी तीन महिने ती टीबीच्या गोळ्या खात होती. आपल्याकडं छातीत पाणी झालं म्हणलं की टीबीच, दुसरं काही कुणाच्या ध्यानातच येत नाही, आणि निम्म्याहून अधिक वेळा ते खरंही असतं. गोळ्यांनी पाणी हटेना तेव्हा मी तिला आमच्या गावाहून, कमठाण्याहून, उचलून आणलं. पाणी काढलं, आणि ते परत भरू नये म्हणून डॉक्टरांनी छातीत औषधाची भुकटी सोडली. त्या भुकटीनं फुफ्फुसाचं अस्तर आणि छातीची भिंत चिकटून बसते, पाण्याला जागाच राहत नाही. मी तिला हे समजावून सांगितलं तर ती दुखण्यातही म्हणाली, "म्हणजी परत पीठच का? आगं, आमच्या नशिबात दळणच हाय वाटतं." सगळ्यांत मोठ्यानं अप्पा हसले. हसता हसता उठून बाहेर गेले आणि मला वाटलं, तंबाखू खायला गेले.

मग श्रीदेवी आली. श्रीदेवी कॅन्सरची डॉक्टर, आमच्या संशोधनात माझी जोडीदार. आमचा अभ्यास एका साध्या प्रश्नावर उभा आहे, की एकाच घरात, एकाच धुळीत राहिलेल्या माणसांपैकी एकालाच हा रोग कामून होतो? अप्पांनी आख्खी फॅक्टरी छातीत घेतली, त्यांच्या अस्तरावर चट्टे दिसतात, पण कॅन्सर नाही. माय उंबऱ्याच्या आतच राहिली, आणि तिला. रक्तातच काही कमी असेल का, जीनमध्ये काही असेल का, ते आम्ही शोधायलोत. त्यासाठी प्रत्येक पेशंटला जुनं सगळं विचारावं लागतं. माझ्याच आईला मी कशी विचारणार, म्हणून श्रीदेवी बसली. कन्नडमध्ये, मग मराठीत, मग दोन्ही मिसळून. कुठं राहिलात, छताला काय होतं, फॅक्टरीत कोण होतं. माय बरोबर उत्तरं देत गेली. अप्पा शेजारच्या स्टुलावर, गुडघ्यावर टोपी ठेवून. आणि मग तो प्रश्न आला, जो त्या यादीत मीच कधीतरी घातला होता.

"फॅक्टरीचे कपडे घरी कोण झटकायचं, अम्मा? कोण धुवायचं?"

"धोबी होता की," माय म्हणाली.

मी भिंतीला टेकून उभी होते, मला हसूच फुटलं असतं. आमच्याकडं धोबी! चार ओळींना मिळून एक नळ, जवारीची भाकरी, चिंचेचं पाणी, आणि धोबी! इस्त्री म्हणजे काय ते मी कॉलेजात गेल्यावर पाहिलं. पण माय थांबायला तयार नाही. "रोज यायचा बघ बाई. दारातूनच घेऊन जायचा. मी हात सुदिक लावत नव्हते असल्या घाणीला." हे कोण म्हणतंय? चन्नव्वानं एकदा नुसता अप्पांचा शर्ट दोरीवरून काढला म्हणून जिनं तिला आठवडाभर बोल लावले होते, ती. श्रीदेवीनं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी तोंड उघडलं, टोपी या गुडघ्यावरची त्या गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "व्हय. होता एक." मला वाटलं, झालं, म्हातारं विसरायला लागलं. नाहीतरी मायनं दिवसाला रात्र म्हणलं तरी ते कंदील शोधायला निघणारे.

त्यांना शहाळं आणायला पिटाळून मायनं मला जवळ बसवलं. "पंचे, ते झटकलं म्हणूनच झालंय ना हे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कामून सांगावं लागतंय? तुमी डाक्टर लोक विचारतानाच सांगून टाकता की सगळं." तिला धाप लागली, थोडी थांबली. "खरं काय ते तुज्या त्या श्रीदेवीला सांगून टाक. दुसऱ्या बायांच्या कामाला येऊ दे. पर घरात हे बोलायचं न्हाई. त्यांला कळलं ना, की आपणच दारातनं हे आणलं, तर ते माज्या आधी जातील बघ. जेवायचं सोडतील. मला ठाव हाय तो माणूस." मग तिनं माझ्या छातीवर हात ठेवला. "आन् तू? तू बी पळत जायचीस की गं मिठी मारायला. घे बरं श्वास." मी घेतला. "सोड." सोडला. तिनं आणखी एकदा घ्यायला लावला. मी तिला सांगितलं, माझ्या छातीचा फोटो काढलाय, सगळं स्वच्छ आहे. आत्तापर्यंत, हे नाही सांगितलं. ती म्हणाली, "मग बस झालं," आणि शहाळं आलं तेव्हा अप्पांवर खेकसली की एवढं कोवळं कामून आणलं, मलईच न्हाई.

तेव्हापासून मी दोघांच्या मधे. औषध दर तीन आठवड्यांनी शिरेतून, दोन बाटल्या, ती कलबुर्गीत घ्यायची आणि परत कमठाण्याला जायचं. तुझ्या त्या पिंजऱ्यात मला ऱ्हायचं न्हाई, म्हणते. श्रीदेवी म्हणते, गाठ थोडी आकसलीय, पुढं अंगातल्याच राखणदारांना जागं करणारी नवी औषधं देता येतील, काही लोक त्यावर दोन वर्षं, तीन वर्षं, काही त्याहूनही पुढं जातात. काही. या 'काही'वर मी निबंध लिहिलेत, परदेशात जाऊन बोलून आलेय. पण कमठाण्याला फोन लावते तेव्हा अप्पा विचारतात, "पंचा, माजं रक्त घेतलंस ना, त्याच्यातलं काय काढून तिला देता येतं का गं?" आणि मला, एवढ्या शिकलेल्या बाईला, 'न्हाई अप्पा' एवढंच म्हणता येतं. तिला होऊन मला कामून झालं न्हाई, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. म्हणलं, तेच शोधायलोत. "लवकर शोधा," म्हणाले. त्यांचं ते लवकर माझ्या डोक्यातून जात नाही. ते कधीतरी हिशोब जुळवतील आणि त्या दिवशी मायचं म्हणणं खरं होईल, याची मला रोज धास्ती. फोनवर त्यांचा आवाज जरा बारीक आला तरी मी आधी विचारते, जेवलात का.

चहा सांडलेली साडी बदलून कमठाण्याला निघाले. दुसऱ्या दिवशी वैशाखी पौर्णिमा, घरी बुद्धवंदनेला असायलाच पाहिजे. कमलापूरला बस थांबली तिथं लाल केळी घेतली, औषधानं तिचं तोंड कडू पडतं, केळं तेवढं जातं. हुमनाबादच्या पुढं रानं उघडी पडलेली, काळी, भेगाळलेली. खिडकीतून गरम वारा. पल्लवीची चादर अजून कानात होतीच. मला आठवलं, होळीच्या आसपास मी आमच्या मागच्या न्हाणीवरचा जुना सिमेंटचा पत्रा काढायला लावला होता. माणसांना बजावून सांगितलं, आधी पाणी मारा, भिजू द्या, तोडू नका, आख्खा उतरवा. अप्पा तिथंच उभे. "ओला कामून करायला लावलीस?" आणि मी, माझ्या रोजच्या सवयीनं, जसं क्लासमध्ये सांगते तसं सांगून गेले, "कोरडा हलवला की धूळ उडती अप्पा, ती श्वासातनं छातीत जाऊन बसती, आन्..." आणि मग माझी जीभ अडकली. पुढं काहीतरी पाऊसपाण्याचं बोलले. अप्पांनी बादली उचलली आणि स्वतःच पत्र्यावर पाणी मारायला लागले. बराच वेळ मारत होते. पत्रा पार निथळायला लागला तरी.

कमठाण्याला पोचले तेव्हा घराचं पुढचं दार लोटलेलं. आत माय खाटेवर, डोळे मिटलेले, डोक्याला माझाच जुना स्कार्फ. श्वास बघितला, बरा होता. केळी उशाशी ठेवून मागं गेले आणि मागच्या दारातच थबकले.

अप्पा तुराट्यांच्या कुडाजवळ पाटावर बसले होते. बनियन, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, समोर पाण्याचं घमेलं. वंदनेला नेसायची मायची पांढरी साडी धूत होते. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल पिळला नाही, तो. नीळ इतकी ओतली होती की साडी पांढरी राहिली नव्हती, आभाळाच्या रंगाची झाली होती. पिळायचीही रीत नाही, दोन्ही हातांनी नुसती दाबत होते. मग उठले आणि साडी दोरीवर घालायला लागले. मला वाटलं आता झटकतील, आणि माझे खांदे आपोआप वर गेले. झटकली नाही. एक काठ दोरीवर टाकला, मग हळूहळू, वितीवितीनं, तळव्यानं सुरकुत्या मोडत ती पसरत गेले. थेंबाचाही आवाज नाही.

"अप्पा, झटकल्याबिगर सुरकुत्या जात न्हाईत."

"ऱ्हाऊ दे सुरकुत्या." त्यांनी मागं बघितलं नाही. "कधी आलीस?"

"आत्ताच. तुमी कामून धुवायलात? सांगितलं असतं तर कुणीतरी बाई लावली असती."

ते काठ सरळ करत राहिले. मग म्हणाले, "पंचा, आपल्याकडं धोबी नव्हता गं."

 मी चौकटीला धरलं. "अप्पा..."

"मला म्हाईत हाय. त्या डाक्टरीण बाईनं इचारलं ना, तवाच कळलं. मग तू पत्र्याचं सांगितलंस." बोटांना लागलेली नीळ ते बनियनला पुसत होते, ती निघत नव्हती. "पैल्यांदा लई वाटलं, तिच्या पायावर डोकं ठेवावं. मग म्हणलं, ती एवढी लबाड बोलली ती कुणासाठी? तिनं म्हणलं धोबी होता, तर होता. तिला नगं सांगू मला कळलंय म्हणून. तिचा तेवढा समज ऱ्हाऊ दे. जेवतोय मी. दोन्ही वक्ताला जेवतोय, तिच्यापुढं बसून."

मला त्यांना मिठी मारायची होती, पहिल्यासारखी पळत जाऊन, पोटाला. मी गेलेही. त्यांच्या अंगाला साबणाचा वास होता, बनियन भिजलेलं होतं, आणि ते एक हात वर धरून उभे होते, नीळ माझ्या साडीला लागू नये म्हणून. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. ते म्हणत होते, "हळू गं, ती उठंल."

ती उठलीच. आतून आवाज आला, बारीक पण तोच, सगळ्या ओळीवर हुकूम चालवणारा. "कोण हाय गं मागं? पंची आली का? आन् पाणी कोण वाजवायलंय?"

मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, सांगू नको म्हणून. मी डोळे पुसले.

"धोबी आलाय माय," मी म्हणलं.

 आतली खाट करकरली, ती उठून बसली असावी. अप्पा मागच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबले होते, ओले, निळे, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. आपण थांबलोय हे त्यांना कळलंही नव्हतं, इतकी वर्षांची सवय.

"मग दारात कामून उभा केलास त्याला?" माय म्हणाली. "आत ये म्हणाव. हाय तसा."